हॉकमन इजिप्तचा की थॅनागारचा, आणि त्याचे पंख नेमकं काय करतात?

हॉकमन हा डीसी कॉमिक्सचा पंखधारी सुपरहिरो. त्याच्याबद्दल एका तरुण वाचकाचा प्रश्न असा आहे: "हॉकमनची मूळ कथा नेमकी कोणती धरायची? एका अंकात तो प्राचीन इजिप्तचा राजपुत्र असतो, दुसऱ्यात परग्रहावरून आलेला पोलीस. पंख कधी पट्ट्यांनी बांधलेले, कधी थेट पाठीतून निघालेले. मग त्याच्या खऱ्या शक्ती कोणत्या?"

मी कॉमिक्ससाठी चित्रं काढतो आणि नव्या चित्रकारांना शिकवतो. पंखवालं पात्र काढायला घेतलं की हा प्रश्न लगेच समोर येतो, कारण पंख कुठे आणि कसे जोडायचे हे ठरवायचं तर ते काय काम करतात हे आधी कळायला हवं. थोडक्यात उत्तर द्यायचं तर हॉकमनला हवेत उचलतो तो त्याच्या पट्ट्यातला एक काल्पनिक धातू. पंख त्याला वळवतात आणि थांबवतात. इजिप्त आणि थॅनागार (कथेतला परग्रह) या दोन्ही जन्मकथा आज एकाच लांबलचक कथेचे भाग मानल्या जातात. पण माझ्या मते हॉकमनचं खरं वेगळेपण उडण्यात नाहीच. त्याला आपले मागचे जन्म आठवतात, आणि त्याच्या जवळपास सगळ्या शक्तींना या आठवणीमुळेच अर्थ येतो.

सुरुवात १९४० पासून करू. 'फ्लॅश कॉमिक्स'च्या पहिल्या अंकावर जानेवारी १९४० ही तारीख आहे. त्याच अंकात पहिला फ्लॅश, म्हणजे जे गॅरिक, आला आणि त्याच अंकात हॉकमनही आला. लेखक होते गार्डनर फॉक्स, चित्रकार डेनिस नेव्हिल. कथेचा नायक कार्टर हॉल हा जुन्या शस्त्रांचा संग्राहक. त्याच्या हाती काचेचा एक प्राचीन सुरा येतो, त्याची शुद्ध हरपते आणि स्वप्नात त्याला आपला मागचा जन्म दिसतो. त्या जन्मी तो इजिप्तचा राजपुत्र खुफू होता. हाथ-सेट नावाच्या पुजाऱ्याने त्याला आणि त्याच्या प्रेयसीला ठार मारलेलं असतं. जाग आल्यावर तो घराबाहेर पडतो, तर वर्तमानात तीच स्त्री शिएरा सँडर्स म्हणून समोर उभी! आणि शहरावर विजेचं संकट आणणारा शास्त्रज्ञ डॉक्टर हॅस्टर म्हणजे तोच पुजारी. तिघेही परत आलेले.

या एका छोट्या कथेत पुढच्या ऐंशी वर्षांचं सगळं बीज आहे. दोन प्रेमी, एक मारेकरी, एक सुरा आणि पुन्हा पुन्हा तेच भांडण. आपल्याकडच्या वाचकाला पुनर्जन्म ही कल्पना समजावून सांगावी लागत नाही, म्हणून कदाचित या कथेचं धाडस चटकन जाणवत नाही. त्या काळातले बहुतेक सुपरहिरो एखाद्या अपघाताने, औषधाने किंवा परग्रहावरच्या जन्माने घडत होते. फॉक्स यांनी नायकाला शक्तीच्या आधी भूतकाळ दिला.

उडण्यासाठी कार्टर हॉल जो धातू वापरतो त्याला त्या कथेत 'नववा धातू' म्हटलं आहे. तो गुरुत्वाकर्षणाला दाद देत नाही. त्याचा पट्टा कमरेला, पाठीवर मोठे पंख, तोंडावर ससाण्याचा मुखवटा आणि हातात संग्रहातली शस्त्रं: गदा, आडवं धनुष्य, जाळं, दंड. लगेचच चित्रांची जबाबदारी शेल्डन मोल्डॉफ यांच्याकडे आली. अॅलेक्स रेमंड यांच्या रेखाटनशैलीचा त्यांच्यावर मोठा प्रभाव होता, आणि हॉकमनचं देखणं, शिल्पासारखं रूप त्यांनीच पक्कं केलं. शिएराने १९४१ मध्ये स्वतः पंख चढवले आणि हॉकगर्ल झाली. 'ऑल स्टार कॉमिक्स'मधल्या जस्टिस सोसायटी या सुपरहिरोंच्या संघाचं अध्यक्षपद हॉकमनने दीर्घकाळ सांभाळलं. फ्लॅश आणि ग्रीन लँटर्नसुद्धा मध्येमध्ये गैरहजर राहिले, पण १९५१ पर्यंतच्या सोसायटीच्या प्रत्येक कथेत हॉकमन आहे. तो किती लोकप्रिय होता हे यावरून कळेल.

आता पंखांकडे येऊ, कारण सर्वांत जास्त गैरसमज इथेच आहे.

माणसाच्या पाठीला पंख लावून तो फडफडत उडू शकतो का? नाही, आणि कारण सरळ आहे. आजच्या उडणाऱ्या पक्ष्यांत सर्वांत वजनदार म्हणजे माळढोकच्या कुळातला आफ्रिकेतला कोरी बस्टर्ड. मोठा नर १८-१९ किलोपर्यंत जातो आणि जमीन सोडताना त्याची दमछाक होते. भटक्या अल्बट्रॉसच्या पंखांचा पसारा साडेतीन मीटरपर्यंत असतो, तरी वजन दहा-बारा किलोच्या आसपासच. नामशेष झालेला अर्जेंटॅव्हिस अंदाजे ७० किलोचा आणि सहा-सात मीटर पसाऱ्याचा असावा. तोही बहुधा वाऱ्यावर तरंगत असे, सतत पंख मारत नसे. शिवाय पक्ष्याच्या छातीच्या हाडाला पुढे कण्यासारखा उंचवटा असतो आणि उडण्याचे प्रचंड स्नायू त्याला चिकटलेले असतात. नव्वद किलोच्या पिळदार माणसाच्या छातीत ना तो उंचवटा, ना तेवढे स्नायू. पक्ष्याचे पंख म्हणजे त्याचे हातच. हॉकमनला हातही हवेत आणि पंखही.

फॉक्स यांच्या धातूने ही अडचण एका फटक्यात सोडवली. धातू वजन नाहीसं करतो, मग पंखांना उचलण्याचं काम उरतच नाही. काही जण यावर विचारतात की मग पंख हवेतच कशाला. मला इथेच या पात्राची रचना सर्वांत सुंदर वाटते. गुरुत्वाकर्षण नाहीसं झालं तरी वस्तुमान जात नाही. नव्वद किलोचा देह वेगाने एका दिशेने निघाला की त्याला वळवायला, थांबवायला, उलट फिरवायला कशाचा तरी रेटा लागतोच. हवेत तो रेटा देणारी एकच गोष्ट म्हणजे हवा, आणि हवा पकडायची तर पसरट, हलवता येणारं काहीतरी हवं. पंख हे होडीच्या सुकाणूसारखे आहेत: होडी त्यांच्यामुळे तरंगत नाही, पण त्यांच्यावाचून जायचं तिकडे जातही नाही. सुरुवातीपासूनच्या कथांमध्ये पंख दिशा देण्यासाठी असतात असंच मानलं आहे, आणि भौतिकशास्त्राच्या बाजूनेही ते बरोबर बसतं.

याच न्यायाने त्याची गदा समजून घ्या. धातूने वजन घटवलं तरी वेगाने येणाऱ्या देहाचा आणि गदेचा आघात तसाच राहतो. उंचावरून पंख मिटून सूर मारायचा आणि शेवटच्या क्षणी पंख उघडून गदा फिरवायची, ही हॉकमनची लढण्याची पद्धत ससाण्याच्या झडपेवरून आलेली आहे. ती काढताना शिकाऊ चित्रकार पंख पूर्ण उघडलेले दाखवतात, कारण ते भव्य दिसतं. पण झडप घालणारा पक्षी पंख आवळून घेतो. उघडलेले पंख हा थांबण्याचा क्षण आहे. एवढा एक फरक पाळला तरी चौकटीत वेग येतो.

पहिला हॉकमन १९५१ नंतर थांबला. दहा वर्षांनी संपादक ज्युलियस श्वार्ट्झ यांनी त्याला नव्याने आणायचं ठरवलं. लेखक पुन्हा गार्डनर फॉक्स, चित्रकार जो क्युबर्ट, अंक 'द ब्रेव्ह अँड द बोल्ड' ३४, साल १९६१. तो अंतराळयुगाचा काळ होता. फ्लॅश आणि ग्रीन लँटर्न यांना श्वार्ट्झ यांनी विज्ञानकथेचा साज आधीच चढवला होता. म्हणून या वेळी इजिप्त पूर्ण बाजूला ठेवला गेला. नवा हॉकमन म्हणजे थॅनागार ग्रहावरचा पोलीस अधिकारी काटार होल. रूप बदलणाऱ्या बिथ नावाच्या गुन्हेगाराचा माग काढत तो आणि त्याची पत्नी शायेरा पृथ्वीवर येतात. अॅब्सॉर्बॅस्कॉन नावाच्या यंत्राने पृथ्वीवरचं ज्ञान आत्मसात करतात, आणि इथल्या पोलीस पद्धती शिकण्यासाठी मिडवे सिटीत मुक्काम करतात. दिवसा तो संग्रहालयाचा प्रमुख कार्टर हॉल म्हणून वावरतो. पृथ्वीवरच्या गुन्हेगारांशी तो संग्रहालयातल्याच जुन्या शस्त्रांनी लढतो. यात मोठं मर्म आहे: प्रगत ग्रहावरचा माणूस पृथ्वीवर मुद्दाम पृथ्वीचीच हत्यारं उचलतो. पुनर्जन्म गेला, पण जुन्या वस्तूंशी असलेलं नातं फॉक्स यांनी सोडलं नाही.

क्युबर्ट यांची ती चित्रं मला आजही सर्वांत जिवंत वाटतात. त्यांची शाईची रेघ खरखरीत आहे, पंखांचं प्रत्येक पीस वाऱ्याला लागलेलं दिसतं. तरी १९६१ आणि १९६२ मधल्या त्या दोन प्रयोगांमधून स्वतंत्र मालिका निघाली नाही. मर्फी अँडरसन यांच्या नितळ, घोटीव चित्रांनी 'मिस्टरी इन स्पेस'मध्ये हॉकमन पुढे आला, आणि १९६४ मध्ये त्याची स्वतःची मालिका सुरू झाली. त्याच वर्षी तो जस्टिस लीग या सुपरहिरोंच्या नव्या संघातही दाखल झाला.

तोवर दोन्ही हॉकमन सुखाने नांदू शकत होते, कारण डीसीच्या कथांमध्ये दोन पृथ्वी होत्या. जुना कार्टर हॉल दुसऱ्या पृथ्वीवरचा, काटार होल पहिल्या. पेच सुरू झाला १९८५-८६ च्या 'क्रायसिस ऑन इन्फिनिट अर्थ्स'नंतर, जेव्हा सगळ्या पृथ्वी मिळून एकच उरली. तरीही काही काळ फारसं बिघडलं नाही. मग १९८९ मध्ये टिमोथी ट्रूमन यांची 'हॉकवर्ल्ड' ही तीन अंकांची मालिका आली. चित्र आणि विचार दोन्ही दृष्टींनी ती अप्रतिम आहे. थॅनागार इथे चकचकीत ग्रह राहत नाही. इतर ग्रह जिंकून, तिथल्या लोकांना खालच्या वस्तीत कोंबून, वर मनोऱ्यांत चैन करणारं ते साम्राज्य आहे. काटार हा त्याच उच्चभ्रू वर्गातला तरुण. व्यवस्थेचा कुजकेपणा त्याला हळूहळू उमगतो आणि त्याची फार मोठी किंमत तो मोजतो. त्याचे पंखही युद्धसामग्रीच्या जातीचे आहेत, मिरवायचे नाहीत.

पुढच्या वर्षी याच नावाची नियमित मालिका सुरू झाली आणि तिने ही कथा वर्तमानकाळात घडते असं धरलं. म्हणजे काटार पृथ्वीवर आत्ता प्रथमच येतोय. मग इतकी वर्षं जस्टिस लीगमध्ये कोण होतं? हे भोक बुजवायला आधी म्हाताऱ्या कार्टर हॉलला पुढे केलं, नंतर फेल अँडार नावाच्या थॅनागारी हेराचा शोध लावला. १९९४ च्या 'झीरो अवर'मध्ये तर काटार, कार्टर आणि शिएरा यांना एकाच देहात मिसळलं. या काळातले काही सुटे अंक चांगले आहेत, पण पात्र समजून घ्यायला त्यांची मदत होत नाही. गोंधळ तुमच्या वाचण्यात नव्हता, तो छापलेल्या पानांवरच होता. १९९६ मध्ये मालिका बंद पडली.

बाहेर पडायची वाट सापडली ती जुन्या बीजाकडे परतून. १९९९ मध्ये जस्टिस सोसायटीची नवी मालिका सुरू झाली तेव्हा केंड्रा सॉन्डर्स ही नवी हॉकगर्ल आली. २००१ मध्ये डेव्हिड गोयर आणि जेफ जॉन्स यांनी कार्टर हॉलला परत आणलं. याच काळात दोन कथा जोडणारा दुवा नीट बसवला गेला: हजारो वर्षांपूर्वी थॅनागारचं एक यान इजिप्तमध्ये कोसळलं, त्यातला धातू खुफू आणि त्याची प्रेयसी चाय-आरा यांच्या हाती लागला, आणि हाथ-सेटने ज्या सुऱ्याने त्यांना मारलं तोही त्याच धातूचा होता. त्या धातूमुळे दोघांचे आत्मे एकमेकांशी आणि जन्मांच्या फेऱ्याशी बांधले गेले. १९४० चा 'नववा धातू' तोवर 'एन्थ मेटल' झालेला होता. आता तोच उडण्याचं कारण झाला आणि पुनर्जन्माचंही. एका वस्तूने दोन शक्ती समजावल्या. लेखनाच्या दृष्टीने ही फार स्वच्छ कारागिरी आहे.

केंड्रामुळे आणखी एक गोष्ट घडली, आणि मला ती हॉकमनच्या साऱ्या इतिहासातली सर्वांत समर्थ कल्पना वाटते. कार्टरला सगळं आठवतं. केंड्राच्या देहात शिएराचा आत्मा आहे, पण तिला मागचं आठवत नाही. त्याच्या दृष्टीने ही हजारो वर्षांची सोबतीण. तिच्या दृष्टीने हा एक अनोळखी, दांडगा पुरुष, जो भेटताक्षणी सांगतो की तू माझी आहेस. २००२ च्या 'हॉकमन' मालिकेत जेफ जॉन्स, जेम्स रॉबिन्सन आणि चित्रकार रॅग्स मोरालेस यांनी हा ताण फार काळजीपूर्वक हाताळला. आठवण ही शक्ती आहे, पण ती समोरच्यावर लादली की अन्याय होतो. केंड्राचा नकार तिथे खलनायकाच्या कुठल्याही हल्ल्यापेक्षा जास्त बोचतो. मोरालेस यांनी दोघांच्या देहबोलीत ते उतरवलं आहे: तो पुढे झुकलेला, ती पंख अर्धवट मिटून बाजूला वळलेली.

२०११ मध्ये डीसीने आपल्या कथा नव्याने सुरू केल्या, तेव्हा धातू कार्टरच्या शरीरातच मुरला आणि चिलखत व पंख त्याच्या देहातून निघू लागले. प्रश्नातले 'पाठीतून निघालेले पंख' ते हेच. मला हा बदल रुचला नाही. हॉकमन पंख अंगावर चढवतो, म्हणजे दर वेळी तो निवड करतो. पंख आपोआप फुटले की ती निवड जाते.

शेवटचा मोठा जोड २०१८ चा. लेखक रॉबर्ट व्हेंडिटी, चित्रकार ब्रायन हिच. त्यांनी सांगितलं की हॉकमन फक्त काळात जन्म घेत नाही, अवकाशातही घेतो. त्यामुळे खुफू त्याचा एक जन्म, कार्टर हॉल एक जन्म, आणि थॅनागारचा काटार होलही त्याचाच एक जन्म. सुपरमॅनच्या क्रिप्टॉन ग्रहावरही तो जन्मला होता. सर्वांत पहिला जन्म मात्र भयंकर निघतो: केटार डेथब्रिंगर, पंखधारी सैन्याचा सेनापती, ज्याने असंख्य जिवांची कत्तल केली. पश्चात्तापानंतर त्याला जे मिळतं ते वरदान म्हणा की शिक्षा: जेवढे जीव घेतले तेवढे वाचवेपर्यंत जन्म घेत राहायचं. हे वाचून मी खरंच थरारलो, कारण १९४० पासूनचा प्रत्येक अंक आता त्या हिशेबात जमा होतो. गदा हातात घेऊन बेभान लढणारा हॉकमन आधी नुसता तापट वाटायचा. आता तो रागही जुन्या जन्मातून आलेला दिसतो.

तर शक्तींचं म्हणाल तर असं. धातूमुळे उड्डाण, वाढलेलं बळ, जखमा लवकर भरून येणं, उंचावरच्या थंडीपासून बचाव आणि ससाण्यासारखी दूरदृष्टी. वेगवेगळ्या लेखकांनी यात कमीजास्त केलं आहे. अलीकडच्या कथांत या धातूची गदा जादूलाही छेद देते. पंखांमुळे दिशा, वेगावर ताबा आणि प्रसंगी ढाल. जुन्या कथांत त्याला पक्ष्यांशी बोलताही येतं. ही गोष्ट आता मागे पडली, ती परत यावी असं मला मनापासून वाटतं. आणि जन्मांमुळे शेकडो शस्त्रांवरची हुकमत, प्राचीन भाषा, युद्धाचा अनुभव. या शेवटच्या गोष्टी धातू काढून घेतला तरी जात नाहीत. पट्टा हिरावलेला हॉकमन जमिनीवर येतो, पण हाती साधी काठी लागली तरी तो धोकादायकच असतो.

इतर पंखधारी नायकांशी त्याची सरमिसळ करू नका. मार्व्हलचा एंजल, म्हणजे १९६३ च्या 'एक्स-मेन'मधला वॉरन वर्दिंग्टन, याचे पंख जन्मजात उत्परिवर्तनातून आलेले. फाल्कन, म्हणजे सॅम विल्सन, १९६९ मध्ये आला तेव्हा त्याला पंख नव्हतेच. ते १९७४ मध्ये वकांडाच्या तंत्रज्ञानातून मिळाले.

चित्रकारांसाठी एवढंच सांगतो. छातीवर एकमेकांना छेदणारे पट्टे शोभेसाठी काढू नका. पंखांचा सगळा ताण त्यांच्यावर येतो, म्हणून ते खांद्याच्या पात्यांजवळून नीट निघाले पाहिजेत आणि वळताना एका बाजूला ताणलेले दिसले पाहिजेत. उघडे पंख अर्धं पान खातात. गर्दीच्या दृश्यात ते मिटवा, नाहीतर बाकीची पात्रं गुदमरतील.

वाचायला कुठून सुरुवात करायची? २०१८ ची व्हेंडिटी-हिच मालिका आधी घ्या. २९ अंकांत ती संपते आणि मागचं काही माहीत नसलं तरी चालतं. मग १९६१ च्या क्युबर्ट यांच्या कथा, नंतर 'हॉकवर्ल्ड'चे मूळ तीन अंक, आणि शेवटी २००२ ची मालिका, जी सगळे संदर्भ कळल्यावर जास्त रंगते. १९४० ची पहिली कथा लहान आहे, ती मध्ये कुठेही वाचली तरी चालेल. 'झीरो अवर'च्या आसपासचे अंक बिनधास्त वगळा.